पुढे आई, मागे सूर्य

एडवणच्या माणसाने सूर्योदयाचा फोटो काढायचा हट्ट धरला, तर त्याला समुद्राकडे पाठ करावी लागते. सूर्य समुद्रात बुडतो हे खरं, पण उगवतो तो गावामागून, सुरूच्या बनावरून. किनाऱ्यावर उभं राहून पाहिला तर तो कुणाच्या तरी न्हाणीघराच्या पत्र्यावर बसलेला दिसतो. नीट पाहायचा तर ओहोटीला वाळू तुडवत आत जायचं, मधला चर ओलांडायचा, पलीकडच्या खडपावर, म्हणजे काळ्या खडकांच्या पट्ट्यावर चढायचं आणि गावाकडे तोंड करून उभं राहायचं. मग सगळं दिसतं. फक्त पाठीमागे समुद्राचं काय चाललंय तेवढं दिसत नाही.

दीपिकाला हे शहाणपण यायला दोन हिवाळे लागले. ती एडवणचीच, पण बोईसरला एका औषधी कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि सालवडला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती. जुना कॅमेरा तिने कुणाकडून तरी विकत घेतला आणि कुशलसरांच्या रविवारच्या गटात जाऊ लागली. सरांचा स्टेशनजवळ स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो काढून काढून त्यांना माणसांचा कंटाळा आला होता, म्हणून ते डोंगर आणि समुद्र शिकवत. पालघरला गटाचं प्रदर्शन भरणार होतं, प्रत्येकाचा एकच फोटो. दीपिकाचे चार फोटो त्यांनी परत केले होते.

"सूर्य छान आलाय," ते म्हणाले होते, "पण सूर्य काय, सगळ्यांकडेच आहे. पुढे काय आहे ते दाखवा. नजर आधी जवळ कशावर तरी टेकली पाहिजे, मग तिला आत जायला वाट पाहिजे. तुमच्या फोटोत माणूस दारातून थेट माळ्यावर पडतो."

तेव्हापासून दीपिका पुढे ठेवायला काहीतरी शोधत होती. दोराचं वेटोळं झालं, गंजलेला नांगर झाला, खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या गोळ्या झाल्या. एकदा वैतागून तिने स्वतःची चप्पल ठेवली. सरांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि ही चप्पल इथे का आहे, एवढंच विचारलं. गटातले दहाजण हसले. तिला ते हसू आठवडाभर पुरलं. आता शेवटची मुदत आज संध्याकाळी सातपर्यंत होती, आणि दोन दिवसांपूर्वी तिच्या डोक्यात आलं की पुढे आईच असली पाहिजे. खडपावर कालवं फोडत बसलेली आई, तिच्यामागे ओली वाळू, त्यामागे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या, सुरूची झाडं आणि त्यावर सूर्य. तिने फोन केला आणि आई लगेच हो म्हणाली. एवढ्या पटकन हो म्हणाली की दीपिकालाच जरा चमत्कारिक वाटलं.

हंसाबाई, म्हणजे तिची आई, साठीला टेकली होती. गुडघे गेले होते, पण खडपावर जायचं म्हटलं की ते परत येत. नवरा दामू बोटीवर होता, चार दिवसांनी यायचा होता. आणि सबंध आळीत भरती-ओहोटीचा हिशेब विचारायचा तर हंसाबाईलाच. बायका शिंपल्या वेचायला निघाल्या की आधी तिच्या ओट्यापाशी थांबत. तिचा हिशेब सोपा होता. पुनवेला सकाळी सहाला पाणी पुरतं सुकतं आणि पुढच्या प्रत्येक तिथीला पाऊण तास उशीर. बोटं मोजायची की झालं.

आदल्या संध्याकाळी दीपिका शेवटच्या एसटीने पोचली तेव्हा देवळात दत्तजयंतीचा पाळणा चालला होता. आई प्रसाद घेऊन आली आणि हात धुता धुता म्हणाली, "आज पुनव झाली. म्हनजे उद्या पानी सुकेल पावनेसातला. साडेआठपरेंत बिनघोर बसू."

दीपिकाने मोबाईलवर पाहिलं. मोबाईल पाच छप्पन म्हणत होता.

"आई, यात सहाच्या आधीच दाखवतंय."

"त्याला इच्यार, वल्हं धरलं काय कवा?"

वाद घातला तर आई रुसणार, आणि आई रुसली की फोटो गेला. शिवाय आईचा हिशेब चुकल्याचं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने मोबाईल उशाखाली सरकवला. मात्र झोप लागली नाही. पाऊण तास तिच्या डोक्यात घोटाळत राहिला, आणि त्यातून डोकं सुटलं की सरांच्या गटाचं हसू आठवायचं.

सकाळी सव्वासहाला दोघी चरातून गेल्या तेव्हा तिथे पाणी नव्हतं, नुसती ओली वाळू होती. हंसाबाईने लुगड्याचा काष्टा वर खोचला होता, डोक्यावर पाटी, पाटीत कोयती. खडप काळं, ओलं आणि कालवांनी खरखरीत झालेलं होतं. दीपिकाने आईला कडेच्या एका उंच खडकावर बसवलं, स्वतः वीस पावलं मागे समुद्राच्या अंगाला गेली आणि तिपाई उभी केली. मग तिने कॅमेऱ्यातून पाहिलं. आई मध्ये नको. डावीकडे. तिपाई खाली. अजून खाली. आता आईचं डोकं वलांड्यांच्या वर आलं आणि आकाशात सुटं दिसू लागलं. नाहीतर डोक्यातून बांबू उगवल्यासारखा दिसत होता.

"आई, थोडी उजवीकडे वळ. एवढी नको. कोयती हातात धर, पण मारू नको. उजेड कमी आहे, हललीस तर पुसट येशील."

"मारू नको तर कालवं फुटतील कशी?"

"फोडायची नाहीत. नुसती फोडतेयस असं दिसायला हवं."

हंसाबाईने आयुष्यात पहिल्यांदा कोयती नुसती धरली. तिला ते अगदीच वेडेपणाचं वाटलं असणार, पण ती तशीच धरून बसली. दीपिका फोटो काढत राहिली. पावणेसात झाले, सात झाले. आकाश आधी राखाडी, मग पिकल्या पपईच्या रंगाचं झालं. प्रत्येक फोटो झाला की ती मागच्या पडद्यावर पाहायची, आणि प्रत्येक वेळी काहीतरी कमी पडत होतं. आई होती, सूर्य येणार होता, पण दोघांच्या मध्ये नुसती मळकट वाळू होती. नजरेला आत जायला वाट नव्हती. सरांचा आवाज तिच्या कानात वाजायला लागला. सूर्य झाडांवर यायला दहा मिनिटं होती.

मग सात वाजून दहा मिनिटांनी ती वाट आपणहून आली. आईच्या पाठीमागे वाळूत एक बारीक झळझळीत रेघ उमटली. आकाशाचा सगळा रंग तिच्यात उतरला होता. डावीकडून निघून ती तिरपी आत जात होती, बरोबर तिथे, जिथून सूर्य वर येणार होता. दीपिकाला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तिने तिपाई आणखी चार बोटं डावीकडे घेतली, म्हणजे रेघ आईच्या कोपरापासून सुरू झालेली दिसेल.

"आई, आता अजिबात हलू नको. दोन मिनिटं."

हंसाबाईने मान मागे वळवायला घेतली.

"आई, मागे बघू नको ना. सगळं बिघडेल."

हंसाबाईची मान परत जागेवर आली. थोड्या वेळाने तिने पुन्हा एकदा वळायला घेतलं, आणि दीपिका पुन्हा ओरडली. या वेळी जरा जास्तच. आपण लॅबमधल्या शिकाऊ मुलांशी बोलतो तसं आईशी बोललो, हे तिच्या लक्षात आलं, पण त्याचं वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. सूर्याची कड सुरूच्या शेंड्यांमागे पेटली होती. तिने एकामागून एक फोटो घेतले. हळू, श्वास रोखून. दोन मिनिटांची पंधरा कशी झाली ते तिला कळलं नाही.

सूर्य झाडांच्या वर निघाला तेव्हा ती उकिडवी बसली आणि फोटो मागे मागे नेत पाहू लागली. शेवटच्या फोटोत रेघ हातभर रुंद होती. त्याच्या आधीच्यात थोडी कमी. त्याच्या आधीच्यात विळ्याच्या पात्याएवढी. सात वाजताच्या फोटोत रेघच नव्हती. ती आधी नुसती पाहत राहिली. मग तिने तेच फोटो उलट क्रमाने, पुढे पुढे नेत पाहिले. वाळू, पातं, आणि शेवटी हातभर सोन्याचा पट्टा. ती रेघ म्हणजे चर होता. इतका वेळ ती ज्याची चौकट बसवत होती, ते त्यांच्या आणि गावाच्या मध्ये शिरणारं पाणी होतं.

तिने मान वर केली. डोळ्यांनी पाहिलं तर चर फोटोतल्यापेक्षाही रुंद होता, आणि त्याला सोन्याचा रंग वगैरे काही नव्हता. मातकट पाणी उत्तरेकडे सरकत होतं. मग तिने मागे पाहिलं. समुद्र तिपाईपासून दहा हातांवर आला होता.

"आई, चल. ऊठ. पाणी."

हंसाबाई उठली, पण गुडघ्यांना हात लावून, हळू. इतका वेळ एका जागी बसल्याने पाय आखडले होते. दीपिका धावत तिच्यापर्यंत गेली, तिचा दंड धरला आणि सरळ चराकडे ओढू लागली. समोर वलांड्या दिसत होत्या, शेजारच्या नलूवहिनीच्या दारातला निळा ड्रम दिसत होता. इतकं जवळ होतं सगळं.

"तिथनं नाय," हंसाबाई म्हणाली.

"आई, वेळ नाही."

"मदी डोक्यावर पानी असंल. गेल्या पावसाळ्यात वाळू व्हाऊन खड्डा पडलाय. वरच्या अंगाला उतार हाय. चल सांगते तर."

वरचं अंग म्हणजे खडपाचं उत्तर टोक. अंतर दीडशे-दोनशे पावलं, तेही कालवांवरून, जिथे घसरलं तर तळवा चिरतो. दीपिका रडायच्या बेतात होती. काल रात्री आईच्या शब्दावर मोबाईल उशाखाली ठेवला होता, आणि आता पुन्हा आईच्याच शब्दावर समोरचं गाव सोडून लांब जायचं होतं. आईचा एक हिशेब चुकला होता, मग दुसरा बरोबर कशावरून? तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई घाबरलेली होती. दीपिकाने तिला असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि का कुणास ठाऊक, त्यामुळेच तिचा विश्वास बसला.

"तिपाय घे," आई म्हणाली. "काठी होईल. आन तो कॅमेरा पाटीत टाक."

"राहू दे तो कॅमेरा. आधी तू चल."

"टाक. डोक्यावर पाटी नसली तर माझा तोल जातो पान्यात."

दीपिकाने धावत जाऊन तिपाई आणली. हंसाबाईने हातातली कोयती कमरेला खोचली, कॅमेरा दीपिकाच्या ओढणीत गुंडाळून पाटीत ठेवला आणि पाटी डोक्यावर घेतली. खरोखरच ती लगेच सरळ झाली. दोघी खडपाच्या कडेने निघाल्या. दीपिका पुढे तिपाई टेकवत, आई मागे तिच्या खांद्यावर हात ठेवून. दर दहा पावलांना आई थांबत होती. तिच्या श्वासाचा आवाज दीपिकाला मानेवर ऐकू येत होता. डावीकडे समुद्र, उजवीकडे चर. मधली खडपाची पट्टी दोन्ही बाजूंनी खाल्ली जात होती. तिला बापाची आठवण झाली, जो या वेळी कुठेतरी आत पाण्यात जाळी ओढत असेल आणि ज्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला आपण काय सांगणार, असा विचार आला आणि तिने तो दाबून टाकला.

टोकाला पोचल्या तेव्हा तिथेही पाणीच होतं. दीपिकाला कुठे उतार-बितार दिसेना.

"हितं," आई म्हणाली. "पान्याला सुरकुती पडलीय बघ. खाली वाळू वर हाय. सुरकुती सोडायची नाय."

दीपिका उतरली. पाणी मांडीला आलं, मग कमरेला. इतकं थंड होतं की तोंडातून शब्द फुटेना. तिपाईचे पाय मिटून तिने ती रोवली, पाऊल टाकलं, परत रोवली. मागे आईने तिचा कुर्ता मुठीत धरला होता. आई तिच्यापेक्षा वीतभर बुटकी. मध्यावर पोचल्या तेव्हा पाणी दीपिकाच्या पोटावर होतं, म्हणजे आईच्या छातीवर. एक लाट बाजूने आली आणि कुर्त्यावरची मूठ सुटली. दीपिका वळली. आई एका पायावर तिरकी झाली होती, एक हात पाटीला, दुसरा हवेत. त्या एका क्षणात दीपिकाच्या मनात प्रदर्शन नव्हतं, फोटो नव्हता, काही नव्हतं. फक्त तो हात होता. तिने तो पकडला, मनगटापाशी, हातातल्या बांगड्या रुतेपर्यंत.

"सोडू नको," आई म्हणाली.

"नाही सोडत."

पलीकडच्या वाळूवर पाय लागले तेव्हा दोघी तिथेच बसल्या. हंसाबाईने पाटी उतरवून बाजूला ठेवली, जपून, जशी रोज माशांची ठेवते. तिच्या पायांचे तळवे दोन ठिकाणी कापले होते. दीपिका कॅमेऱ्यावरची ओढणी सोडून तिने ते बांधत होती तेवढ्यात नलूवहिनी आली. तिच्या काखेत पाटी होती आणि मागून आणखी दोघी तिघी शिंपल्यांना निघाल्या होत्या.

"हंसाबाय, भिजलीस काय गं? तू तर काल देवळात साडेआठपरेंत बिनघोर बोलली होतीस. आमी आत्ता निघालो."

दीपिकाला वाटलं, आई आता काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. लाट आली, पाय घसरला, काहीही. आळीत चाळीस वर्षं तिचा शब्द चालत होता.

"जाऊ नका कोनी," हंसाबाई म्हणाली. "माझी चूक झाली. पाळना काल झाला म्हनून मी काल पुनव धरली. काल सांजेला नुसती लागली व्हती. खरी पुनव आज हाय. पानी कवाचं फिरलंय. जिवलीला सांग, मंगळीला सांग. माझं नाव घेऊन सांग, हंसा चुकली म्हनून."

नलूवहिनीने चराकडे पाहिलं, आणि मग पाटी कमरेवर घेऊन घाईघाईने आळीकडे गेली. बाकीच्याही तिच्यामागे गेल्या.

दीपिका ओढणीची गाठ आवळत म्हणाली, "तू एकटी नाही चुकलीस. मला पाणी दिसत होतं. मला ते छान दिसत होतं. तू वळून बघायला लागलीस तर मीच तुला ओरडले. तू बघितलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं."

"बघायला कशाला लागतं," हंसाबाई म्हणाली. ती पायाला बांधलेल्या ओढणीची गाठ चाचपत होती. "दगडाखालचं पानी हलायला लागलं तेवाच कळलं मला. तेवाच हिशोब परत केला मनात. चुकला ते समजलं."

दीपिकाचे हात थांबले. "मग उठली का नाहीस? बोलली का नाहीस?"

हंसाबाईने डोक्यावरची चुंबळ सोडवली, पदराचं पाणी पिळून काढलं.

"बोंबील दिले तर तुला चालत नाय, खोलीतल्या पोरींना वास येतो. माझं लुगडं नको, माझ्या हातचं लोनचं नको, सणाला येतेस, झोपतेस, जातेस. मी काय बोलत नाय, तुला तुझं काम हाय. पन पाच वर्सांत परवा पयल्यांदा फोन करून बोललीस, आई, तू पायजेस. मग म्हटलं, दोन मिनटं तर दोन मिनटं. उतार हायच. पोरीला एक फोटो काढू दे."